सरावाचा तुकडा

सरावाच्या तुकड्यानेही पडद्यावर वळसा काढला, तेव्हा काकूंनी आधी मशीनलाच दोष दिला. तुकडा बाहेर काढला, तो धरणारी कांडी पुसली, पुन्हा बसवला आणि मोजणी नव्याने सुरू केली. पलीकडच्या खोलीत पंप घुरघुरत होता. पडद्यावर एकेक ठिपका उमटू लागला. ठिपक्यांची रेघ उजवीकडे चढत गेली, वर जाऊन आडवी झाली आणि परतताना गेल्या वाटेने न येता जराशी बाजूने आली. दोन्ही रेघांच्या मध्ये एक अरुंद, लांबट पान तयार झालं.

असं पान चुंबकाचं असतं. काच, मीठ, लाकूड असल्या पदार्थांना चुंबकीय क्षेत्रात धरलं तर आलेखात नुसती तिरकी सरळ रेघ येते. लोखंडासारखा पदार्थ मात्र क्षेत्र काढून घेतलं तरी थोडं चुंबकत्व धरून ठेवतो, आणि म्हणून त्याची परतीची वाट वेगळी पडते. काकूंनी मशीनमध्ये घातलेला तुकडा काचेसारखा पारदर्शक होता, नखाएवढा. त्याच्यावर कसलाही थर नव्हता. नव्या मुलांना चिमट्याने तुकडा उचलायला शिकवायचं म्हणून तो वर्षभर एका डबीत ठेवला होता. पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळा पाहायला समिती येणार होती. तिच्यासमोर मोजणी करून दाखवायची होती. खऱ्या नमुन्यांना उगाच हात लावायला नको, म्हणून काकूंनी रंगीत तालमीसाठी तो कोरा तुकडा घेतला होता.

त्याला चुंबकत्व असण्याचं काही कारणच नव्हतं.

काकू स्टुलावर बसल्या आणि त्यांनी त्या पानाकडे नीट पाहिलं. ते त्यांच्या ओळखीचं होतं. त्याची रुंदी, त्याची उंची, वरचं टोक जिथे आडवं होतं ती जागा, सगळं. त्यांच्या संशोधनाच्या पेपरात छापून आलेलं पान हुबेहूब असंच होतं.

काकू हे नाव त्यांना लॅबमध्ये पहिल्या दिवशी चिकटलं. त्याआधी त्या शाळेत विज्ञान शिकवत होत्या आणि अख्ख्या गावाच्या ‘बाई’ होत्या. मुलगी शिकायला वसतिगृहावर गेली आणि घर ओकंबोकं झालं. अशाच एका सकाळी नवऱ्याने चहाच्या कपाशेजारी वर्तमानपत्र दुमडून ठेवलं. विद्यापीठाची जाहिरात होती. चुंबकत्व आणि चुंबकीय पदार्थ या विषयांत पीएच.डी. संशोधनाची संधी.

“एम.एस्सी.ला तू हेच घेतलं होतंस ना?” नवऱ्याने विचारलं.

“अहो, त्याला जमाना झाला. आता त्यातलं नाव तेवढं आठवतंय.”

“मग नावापासून सुरुवात कर.”

नवरा औषधाच्या दुकानात कामाला होता. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून ऐकून त्याला कमी बोलायची सवय लागली होती. पण तो जे बोले ते मनावर घेण्यासारखं असे. काकूंनी अर्ज केला. मुलाखतीला बसलेले सर त्यांच्याहून वयाने लहान निघाले. त्यांनी विचारलं, आताच का? काकू म्हणाल्या, लोहचुंबक लोखंडाला ओढतो मग तांब्याला का नाही, असं मुलं दरवर्षी विचारतात आणि मी दरवर्षी पुस्तकातलं उत्तर देते. ते उत्तर मला स्वतःलाच पटत नाही. सर हसले नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न गणिताचा विचारला. तो काकूंना अर्धाच आला.

तरी निवड झाली. पहिल्या दिवशी त्या लॅबमध्ये शिरल्या तेव्हा सगळी मुलं उभी राहिली, त्यांना वाटलं तपासणी आली. नंतर एकाने अदबीने विचारलं, “काकू, तुम्ही कोणाच्या पालक?” तेव्हापासून त्या काकू झाल्या. पुढे सरही त्यांना काकू म्हणू लागले. आपल्या विद्यार्थिनीला काकू म्हणणारा गाइड दुसरीकडे कुठे सापडणार नाही, असं मुलं पाठीमागे म्हणत.

सासूबाईंना हे सगळं अजबच वाटलं. शेजारणींना त्या सांगायच्या, “आमची सून शाळा सोडून शाळेत जायला लागलीय.” पण सकाळी सूनबाईंचा डबा मात्र त्या स्वतः भरत. तो कोणी भरायला घेतला तर त्यांना चालत नसे.

तिसऱ्या वर्षी काकूंना ते पान सापडलं. कोऱ्या तुकड्यावर चढवलेला जस्ताच्या ऑक्साइडचा अगदी पातळ थर, केसापेक्षा कितीतरी पातळ. या पदार्थात लोखंड नाही, निकेल नाही, चुंबकत्व देणारं काहीही नाही. तरीही मशीनने पान काढलं. छोटं होतं, पण होतं. काकूंनी नमुने पुन्हा बनवले, पुन्हा मोजले. कोरे तुकडेही मोजून पाहिले. ते थेट डबीतून कांडीवर सरकवलेले, न हाताळलेले. त्यांच्यावर सरळ रेघच आली. म्हणजे चुंबकत्व थराचंच, असं ठरलं. पेपर छापला गेला. दूरदूरच्या लोकांचे मेल आले. एका मोठ्या परिषदेत सरांना भाषणाला बोलावलं आणि त्यांनी पडद्यावर काकूंचा फोटो दाखवला. सासूबाईंनी तो फोटो मोबाइलवर मोठा करून करून पाहिला. “केस जरा विंचरले असतेस तर?” एवढंच म्हणाल्या.

त्या पानाच्या जोरावर सरांनी निधी मागितला आणि तो मंजूर झाला. पीएच.डी.च्या चार नव्या जागा. जाहिरात निघाली तेव्हा तिच्या वरच्या कोपऱ्यात काकूंचा आलेख चित्रासारखा छापला होता. फक्त निधी देणाऱ्या संस्थेची समिती एकदा येऊन प्रयोगशाळा पाहणार होती आणि मगच शेवटचा शिक्का बसणार होता. त्याच दिवशी उमेदवारांच्या मुलाखती होत्या.

उमेदवारांत मॉनिटर होती. ही काकूंची शाळेतली विद्यार्थिनी. सातवीत वर्गाची मॉनिटर झाली आणि मोठी झाली तरी बाईंच्या तोंडी तेच नाव राहिलं. भौतिकशास्त्र घेऊन एम.एस्सी. पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली, आणि पुढे काही नाही. एका शिकवणी वर्गात ती दहावीच्या मुलांची गणितं सोडवून घ्यायची. वडील नव्हते, आई शिवणकाम करायची. जाहिरात निघाल्याबरोबर काकूंनी तिला फोन केला होता. अर्ज भरायला बसवलं, लॅब दाखवली, काय वाचायचं ते सांगितलं. शिकवणीत वेळ जातोय असं दिसल्यावर ती सोडून दे, दोन महिने फक्त अभ्यास कर, असंही त्याच म्हणाल्या. मॉनिटरने शिकवणी सोडली. सरांना ती आवडली होती. ते उघड काही बोलले नव्हते, पण तिचं टेबल कुठे लावता येईल हे त्यांनी एकदा काकूंना विचारलं होतं.

आणि आता हा कोरा तुकडा.

काकूंनी घाई केली नाही. नव्या डबीतून दोन कोरे तुकडे घेतले. एक लॅबच्या नेहमीच्या पोलादी चिमट्याने कडेला धरून दहा-पंधरा वेळा उचलला, ठेवला, उचलला, ठेवला. खरा नमुना बनवताना तो धुणं, भट्टीत ठेवणं, काढणं, कापणं असं करत साधारण इतक्या वेळा चिमट्यात धरला जातोच. दुसरा तुकडा प्लॅस्टिकच्या चिमट्याने तितक्याच वेळा हाताळला. मग दोन्ही मोजले. प्लॅस्टिकवाल्याने तिरकी सरळ रेघ दिली. पोलादवाल्याने पान काढलं.

मग त्यांनी पोलादवाला तुकडा सौम्य आम्लात बुडवला, स्वच्छ पाण्याने धुतला, वाळवला आणि पुन्हा मोजला. पान गेलं होतं.

म्हणजे चिमट्याचं लोखंड. तुकड्याची कड कठीण असते, चिमटा तिच्यावर घासतो, डोळ्यांना कधी दिसणार नाही एवढा कीस मागे राहतो, आणि मशीन इतकं हळवं की त्याला तेवढाही पुरतो. ज्याला त्यांनी नव्या पदार्थाचं चुंबकत्व म्हटलं होतं, ते लॅबच्या खणातल्या चिमट्याचं होतं.

काकूंनी चिमटा उचलून खिडकीच्या उजेडात धरला. टोकं जराशी बोथटली होती, बाकी काही नाही. त्यांनी तो खणात ठेवला, मशीन बंद केलं आणि नेहमीच्या बसने घरी गेल्या.

सांगायचं की नाही असा प्रश्न काकूंना पडलाच नसणार, असं नंतर लोक म्हणाले. पण पडला होता. बसमध्ये त्या तोच घोळवत होत्या. कोणाला कळणार होतं? जगात असे पेपर शेकड्याने निघतात, काही टिकतात, काही आपोआप विसरले जातात. वर्षभरात त्यांचा प्रबंध झाला असता. त्या शाळेत परतल्या असत्या, पाटीवर नावामागे दोन अक्षरं वाढली असती आणि गोष्ट तिथेच संपली असती. शिवाय चार मुलांना जागा मिळणार होत्या. त्यांतल्या एकीला तर त्यांनी स्वतः हाताला धरून आणलं होतं.

नवरा दुकानातून आला तेव्हा त्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या होत्या. गॅसवर काही नव्हतं.

“अहो, माझं सगळं संशोधन चिमट्याचं निघालं,” त्या म्हणाल्या.

नवऱ्याने पिशवी खाली ठेवली. काय झालं ते त्यांनी सांगितलं. त्याने मधे एकदाच प्रश्न विचारला, की दुसऱ्यांदा करून पाहिलंस का. पाहिलं, त्या म्हणाल्या. मग त्याने बाहीची घडी वर घेतली, फ्रिजमधून भाजी काढली आणि चिरायला घेतली. बऱ्याच वेळाने म्हणाला, “आधी जेवून घे. मग कोणाकोणाला सांगायचंय ते ठरवू.”

सांगायचं की नाही, हे त्याने विचारलंच नाही. काकूंना त्याचा थोडा राग आला आणि मग बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या सरांच्या खोलीत गेल्या. तिन्ही आलेख टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. सर चष्मा कपाळावर सरकवून वाकले. ते हुशार होते, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. तरी त्यांनी ज्या शंका घ्यायच्या त्या सगळ्या घेतल्या. कांडी मळलेली असेल. आम्लाने दुसरंच काही झालं असेल. प्रत्येक शंकेला काकूंकडे एक मोजणी होती. शंका संपल्या तेव्हा सर खुर्चीत मागे टेकले.

“काकू, तुम्ही म्हणता ते बरोबरही असेल,” ते म्हणाले. “पण आठ दिवस थांबा. समिती येऊन जाऊ दे, मुलांची निवड होऊ दे. मग आपण सगळं शांतपणे तपासू. पेपर मागे घ्यायचा तर घेऊ. जागा एकदा हातात आल्या की विषय बदलता येतो. जागा गेल्या तर पुन्हा येत नाहीत. तुम्हाला माहीत नाही, या चार जागांसाठी मी किती वर्षं दारं ठोठावलीत.”

ते खोटं नव्हतं. चुंबकत्वावर काम करणारी ही एवढीच लॅब आसपास होती आणि तिला कोणी फारसं विचारत नव्हतं. दर वर्षी दोन-चार चांगली मुलं दारापर्यंत येत आणि जागा नाही म्हटल्यावर बँकेच्या परीक्षा देत. सरांना ती नावानिशी आठवत.

काकूंनी विचारलं, “समितीसमोर मशीनवर कोण बसणार?”

“तुम्हीच. दुसरं कोण?”

“मग मला जमणार नाही, सर. मी नमुना लावेन, पान येईल आणि ते विचारतील, हे चुंबकत्व कशाचं. मला चिमट्याचं म्हणावं लागेल.”

“दुसरा कोणी बसला तर?”

सरांनी तिन्ही कागद एकावर एक ठेवले, कडा सारख्या केल्या. मग म्हणाले, “तुम्ही जा आता.”

दोन दिवस सर लॅबमध्ये फिरकले नाहीत. मुलांना वाटलं समितीची तयारी चाललीय. त्यांनी फरशी पुसून घेतली, तारा गुंडाळल्या, भिंतीवर नवा तक्ता लावला. तक्त्याच्या मधोमध काकूंचं पान मोठं करून छापलं होतं. काकू त्याच्याखाली बसून जुन्या मोजण्या पुन्हा वाचत होत्या. जिथे तुकडा जास्त हाताळला गेला तिथे पान मोठं, जिथे कमी तिथे लहान. एकदा दिसायला लागल्यावर ते सगळीकडे दिसत होतं. इतके दिवस आपल्याला कसं दिसलं नाही, याचंच त्यांना नवल वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सर आले. खिशातून प्लॅस्टिकच्या चिमट्याचं नवं पाकीट काढलं आणि कोणाशी न बोलता कामाला लागले. स्वतः थर चढवल्याला त्यांना वर्षं झाली होती. भट्टीचं बटण कुठलं ते एका मुलाला विचारावं लागलं. तो दिवस त्यात गेला, दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. काकू मागे उभ्या होत्या. पडद्यावर एकेक ठिपका येत गेला. तिरकी, सरळ, स्वच्छ रेघ.

सर बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी तक्ता लावणाऱ्या मुलाला बोलावलं आणि तो उतरवायला सांगितला.

“संस्थेला मेल मी लिहितो,” ते काकूंना म्हणाले. “पेपर मागे घेत असल्याचंही त्यातच कळवतो. तुमचं नाव नको.”

“पेपरवर माझं नाव आहेच की.”

“पेपरवर तुमचं पहिलं होतं. इथे माझं पहिलं असू दे. हवं तर तुमचं खाली घालतो.”

काकूंनी हवं म्हटलं.

समिती आली नाही. संस्थेचं उत्तर मात्र आलं, अगदी सभ्य भाषेत. प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले होते आणि बदललेल्या परिस्थितीत चारही जागा रद्द केल्या होत्या. मुलाखतीही रद्द. विभागातल्या दुसऱ्या एका प्राध्यापकांनी जेवणाच्या सुट्टीत सरांना हसत हसत विचारलं, की तुमच्या लॅबमध्ये चिमटेसुद्धा संशोधन करतात म्हणे. सरांनी डबा बंद केला आणि त्यानंतर ते कित्येक महिने आपल्या खोलीतच जेवत.

मॉनिटरला विद्यापीठाचा मेल जाण्याआधी आपण सांगायचं, असं काकूंनी ठरवलं होतं. त्या तिच्या घरी गेल्या. पुढच्या खोलीत तिची आई शिलाई मशीनवर होती. मॉनिटर आत जमिनीवर बसली होती, भोवती कागद पसरलेले. काकूंना पाहून तिने पटकन जागा करून दिली आणि एक शंका विचारायला सुरुवात केली. काकूंनी तिला थांबवलं.

सगळं ऐकून घेईपर्यंत मॉनिटर हातातल्या पेनचं टोपण काढत-घालत होती. तिला समजायलाही वेळ लागला नाही. प्लॅस्टिकचा चिमटा, आम्ल, सरळ रेघ. तिने मान हलवली.

“म्हणजे जागा गेल्या.”

“गेल्या.”

“चारही?”

“चारही.”

बाहेर शिलाई मशीन थांबलं होतं.

“बाई, तुम्ही आठ दिवस थांबला असतात तर?”

“तर तुला जागा मिळाली असती,” काकू म्हणाल्या. हे त्यांनी येताना वाटेतच ठरवलं होतं, की ही मुलगी असं विचारेल आणि तिला खरं तेच सांगायचं. “मग तू वर्षभर माझा आलेख पुन्हा काढायचा प्रयत्न केला असतास. जमला असता तर चिमट्यामुळे. नाही जमला तर सगळ्यांना वाटलं असतं, तुझंच काहीतरी चुकतंय. तुलाही तेच वाटलं असतं.”

मॉनिटरने पेनचं टोपण बंद केलं. मग म्हणाली, “ते मी सोसलं असतं, बाई. विद्यावेतन तरी मिळालं असतं.”

तिची आई दारात येऊन उभी राहिली. तिला चिमट्याचं काही कळलं नव्हतं, पण काय झालंय ते कळलं होतं. तिने विचारलं, की पुढच्या वर्षी पुन्हा निघतील का जागा. काकू म्हणाल्या, सांगता येत नाही. चहा घ्या, ती म्हणाली. काकूंनी चहा घेतला. निघताना मॉनिटर दारापर्यंत आली, पण रस्त्यापर्यंत आली नाही.

त्यानंतर काकूंचं विद्यावेतनही मुदत संपून थांबलं. त्या शाळेत परत रुजू झाल्या, सकाळच्या सत्रात. दुपारी बस पकडून लॅबमध्ये जात. प्रबंध पहिल्यापासून लिहायचा होता आणि विषयही नवा हवा होता. सर म्हणाले, विषय तुमच्यासमोर पडलाय. खोटं चुंबकत्व कुठून कुठून येतं, हेच शोधा. तेव्हा काकूंनी लॅबमधली एकेक वस्तू मशीनमध्ये घालून पाहिली. चिकटपट्टी, हातमोज्याचा कपटा, भट्टीतली धूळ, पेनाची शाई, पुसायचा कापूस. काय किती फसवतं, कसं धुतलं की जातं, कशाने जात नाही. हे काम चमकदार नव्हतं. कुठल्या परिषदेत त्याच्यासाठी भाषण ठेवलं गेलं नाही. पण काही लॅबमधून मेल आले, की तुमचा लेख वाचून आम्ही आमचे चिमटे बदलले. एकाने लिहिलं होतं, आमचंही एक पान गेलं. काकूंनी तो मेल नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, बिचारा.

सासूबाई आता फारशा बाहेर पडत नसत. शेजारीण घरी येऊन विचारायची, की सूनबाईंनी एवढी वर्षं घालवून शोधलं तरी काय. सासूबाई गंभीरपणे सांगत, “तिथे काही नव्हतं, ते तिने शोधलं.” शेजारणीला ते कळत नसे. सासूबाईंनाही किती कळत होतं कोण जाणे, पण त्या ते दर वेळी त्याच शब्दांत आणि ठासून सांगत.

सरांना पुढे एक जागा मिळाली. एकच, आणि ती दुसऱ्याच विषयावर, जुन्या मोटारींतले चुंबक पुन्हा कसे वापरता येतील त्यावर. काकूंनी मॉनिटरला कळवलं. तिने अर्ज केला नाही. मुदत उलटून गेल्यावर तिचा निरोप आला, की बाई, मी नोकरीला लागलेय, आईला आता शिवण दिसत नाही. त्यानंतर चुंबकत्वातल्या पीएच.डी.ची कुठलीही जाहिरात दिसली, जवळची असो की लांबची, की काकू ती मॉनिटरला मोबाइलवर पाठवून देत. तिने पाहिल्याची खूण येई. उत्तर येत नसे.

प्रबंध पूर्ण झाला तेव्हा परीक्षकांसाठी प्रती पाठवायच्या होत्या. विद्यापीठाच्या कार्यालयातून पाठवल्या की महिना जातो, म्हणून काकूंनी स्वतःच कुरिअर करायचं ठरवलं. शाळा सुटल्यावर त्या मुख्य रस्त्यावरच्या कार्यालयात गेल्या. रांग लांब होती. कोणी औषधं पाठवत होतं, कोणी कपडे, एकाच्या हातात गुंडाळलेला आरसा होता. काकू पाकीट छातीशी धरून एकेक पाऊल पुढे सरकत होत्या. समोरचा माणूस बाजूला झाला तेव्हा त्यांनी वर पाहिलं. काउंटरमागे मॉनिटर होती, कंपनीचा निळा शर्ट घातलेली, केस मागे घट्ट बांधलेले.

मग मॉनिटरने हात पुढे केला.

“द्या, मॅडम.”

तिने पाकीट वजनकाट्यावर ठेवलं, पत्ता वाचला, संगणकात घातला. तिचे हात भरभर चालत होते.

“आत काय आहे?”

हा प्रश्न ती सगळ्यांनाच विचारत होती.

“प्रबंध,” काकू म्हणाल्या.

मॉनिटरची बोटं जराशी थांबली. “झाला?”

“झाला. आता बघू, काय म्हणतात.”

“म्हणजे ते चिमट्याचंच?”

“तेच.”

मॉनिटरने मान हलवली. यंत्रातून चिठ्ठी बाहेर आली, ती तिने पाकिटावर सरळ चिकटवली. मागे कोणीतरी घसा खाकरला.

“तुम्ही पाठवता त्या जाहिराती मिळतात,” ती चिठ्ठीकडेच पाहत म्हणाली.

“वाचतेस?”

“वाचते.”

काकूंनी पुढे काही विचारलं नाही. मॉनिटरने पाकिटाचे कोपरे तपासले. एका कोपऱ्यावरची चिकटपट्टी सैल होती. तिने नवी पट्टी ओढली, दाताने न तोडता कात्रीने कापली, आणि चारही कोपऱ्यांना एकेक लावून अंगठ्याने घासून घासून बसवली. शेजारी पाकिटांचा ढीग होता. त्यावर न टाकता तिने ते मागच्या फळीवर उभं करून ठेवलं. पावती काकूंच्या हातात दिली.

मग ती रांगेकडे वळली. “पुढचे,” म्हणाली.